आधी लोकर निवडा, मग मागाचे बोला

घोंगडीचा धंदा वाचवायचा म्हटले की चर्चा मागापाशी सुरू होते आणि प्रदर्शनातल्या विक्रीपाशी संपते. लोकर कातरल्यापासून चातीवर सूत होईपर्यंतच्या कामाकडे कुणी फारसे पाहत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे मोल मात्र तिथेच ठरते, नाहीतर तिथेच बुडते. सांगली, सातारा, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात एकाच कळपात काळी, पांढरी, करडी, तपकिरी आणि चितकबरी मेंढरे असतात. वर्षातून साधारण दोनदा ती कातरली जातात आणि सगळ्या रंगांची लोकर एकाच पोत्यात गेली, की विकत घेणाऱ्याला ती फक्त वजनावर मोजायचा माल वाटते. भाव पडतो, कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि मग लोकर उकिरड्यावर जाते.

गिरणीला पांढरी लोकर लागते, कारण तिच्यावर हवा तो रंग चढतो. काळीवर चढत नाही. हातसुताचे गणित उलटे आहे. तिथे मेंढीचा मूळ रंग हीच कमाई. पण तो राखायला नजर लागते. काळी म्हणवणारी लोकरही एकसारखी काळी नसते. उन्हाने तिची टोके तांबूस पडतात. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. म्हणूनच जावळाच्या घोंगडीला आजही वेगळा मान आहे. दोन रंग एकत्र पिंजायचे तरी त्याला हिशेब असतो. थोडेच पिंजले तर पेळूत काळ्या-पांढऱ्या रेघा राहतात आणि सुतातही उतरतात; जास्त पिंजले तर सलग करडा रंग येतो. चार रंग अंदाजपंचे मिसळले तर हाती फक्त मातकटपणा लागतो. पिंजून एकजीव झालेले तंतू पुन्हा वेगळे होत नाहीत, म्हणून निवड कातरतानाच व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की ही लोकर टोचते, ती निवडून घेणार कोण? टोचते हे खरेच. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. तिचा स्वेटर होणार नाही. पण सतरंजी, आसन, पिशवी, जेन (लोकर दाबून केलेली बैठक) यांना टिकाऊपणा लागतो आणि तो जाडपणातून येतो. दुसरा आक्षेप मजुरीचा. हाताने पिंजणे महागात पडते, हेही मान्य. पण पिंजण यंत्राने केले तरी बिघडत नाही, रंगागणिक घाणा वेगळा काढला म्हणजे झाले. निवडीला तर यंत्रही नको, चार पोती पुरतात. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर मेंढ्यांच्या नैसर्गिक रंगछटांना स्वतंत्र नावे आहेत आणि न रंगवलेले सूत त्या छटांनुसार विकले जाते. तिथली लोकर आपल्यापेक्षा मऊ आहे, तेव्हा तिथला भाव इथे मिळणार नाही. रंगानुसार प्रतवारीची पद्धत मात्र घेता येते.

राज्यात मेंढी व शेळी विकासासाठी स्वतंत्र महामंडळ आहे. त्याने कातरणीच्या हंगामात मेंढपाळांच्या तळांजवळ लोकर केंद्रे उघडावीत, रंग आणि प्रत पाहून वेगवेगळा भाव जाहीर करावा आणि पिंजणयंत्र तिथेच ठेवावे. निवडलेल्या लोकरीला चार पैसे जास्त मिळतात हे दिसले, की धनगराला ती निवडायला कुणी शिकवावे लागणार नाही; आपल्या कळपातला रंग न् रंग तो ओळखतोच. आज त्या ओळखीला बाजारात दाम नाही, आणि तो मिळाल्याशिवाय मागांवर दिलेले अनुदान अर्ध्या वाटेतच जिरणार.