आवाज वाढला, ताकद नाही!

परवा रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच गल्लीत फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज झाला. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून रडू लागलं. समोरच्या आजोबांनी धाडकन खिडकी लावून घेतली. बघतो तर काय, आमचे भाचेराव! साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, तिला नवाकोरा चकचकीत सायलेन्सर आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या जागी उघडाबोडका शंकूसारखा फिल्टर.

"मामा, आवाज कसा आहे?"

"आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला. गाडी कशी चालते, ते सांग."

स्वारीचा चेहरा जरा उतरला. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. चढावर गाडी धक्के खाते. सिग्नलला थांबलं की इंजिनाची धग पायाला लागते. पहिल्या दोन पगारांतली शिल्लक यात गेली होती. दुकानदारानं मात्र ठामपणे सांगितलं होतं, "फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे. कॉम्प्युटर आपोआप सगळं जमवून घेईल."

मंडळी, खरी गोम इथेच आहे.

आपल्या स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी आठवा. गॅस आणि हवा यांचं प्रमाण नीट असेल, तर ज्योत निळी. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी. हवा जास्त झाली की ज्योत बर्नर सोडून फडफडते. इंजिनाचंही असंच आहे. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. म्हणजे एका ग्रॅमला साधारण साडेबारा ते तेरा ग्रॅम हवा.

पूर्वी हे काम कार्ब्युरेटर करायचा. सायलेन्सर बदलला की मेस्त्री जेट बदलायचा, स्क्रू फिरवायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम आले आणि आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या नव्या मोटरसायकलींवर फ्युएल इंजेक्शन बसलं. आता टाकीतला पंप दाबानं पेट्रोल पाठवतो आणि इंजेक्टर ते फवारतो. तो किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

तो ठरवतो कशावरून? इंजिनाचे फेरे, थ्रॉटल किती उघडा आहे, हवेचा दाब आणि तापमान यांवरून. बहुतेक मोटरसायकलींत आत जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली जात नाही. तिचा अंदाज बांधला जातो आणि त्यासाठीचा तक्ता कारखान्यातच भरलेला असतो. हा तक्ता मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर गृहीत धरून केलेला असतो. तुम्ही दोन्ही बदलता, हवा जास्त जाते, पण पेट्रोल जुन्याच हिशेबानं मिळतं!

"पण ऑक्सिजन सेन्सर आहे ना?" भाच्यानं विचारलं. आहे. धुरात ऑक्सिजन उरला की नाही, ते तो सांगतो आणि ईसीयू त्याप्रमाणे थोडंफार कमी-जास्त करतो. पण ते एकसारख्या, सावकाश वेगात आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच. थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तक्त्यावरच चालतो. म्हणजे इंजिनावर सर्वांत जास्त ताण असतो, नेमकं तेव्हाच पेट्रोल कमी पडतं. जोरात चालताना जादा पेट्रोल इंजिन थंड ठेवायलाही मदत करतं. ते मिळालं नाही, तर पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांना त्याची किंमत मोजावी लागते.

यात इथेनॉलची भर. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. परदेशातल्या कुणाच्या गाडीचा तक्ता जसाच्या तसा आपल्या गाडीत भरणं, म्हणजे दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढवणं!

मग योग्य मार्ग कोणता? आधी एक्झॉस्टच्या जोडाचं गॅस्केट, प्लग आणि व्हॉल्व्हची फट तपासून घ्यावी. कारण नुसता जोड गळत असला, तरी फटफट आवाज येतो. मग गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर न्यावी. सायलेन्सरच्या नळीत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवावा. गाडीतला साधा सेन्सर पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो. हा मात्र नेमका आकडा देतो. फेरे आणि थ्रॉटल यांच्या प्रत्येक टप्प्यावर मोजून तक्त्यात थोडी थोडी दुरुस्ती करायची. ईसीयू उघडत नसेल, तर त्याच्या आणि इंजेक्टरच्या मध्ये बसणारी वेगळी पेटी मिळते. मूळ तक्ता जपून ठेवायचा. सेन्सरला खोटा संदेश देणाऱ्या स्वस्त जोडण्यांपासून मात्र लांब राहावं. न मोजता पेट्रोल वाढवणं म्हणजे अंधारात मीठ घालणं.

पण त्याहीआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे सगळं कशासाठी? शर्यतीच्या मैदानावर जायचं असेल, तर गोष्ट वेगळी. रस्त्यावर मात्र 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ सायलेन्सरसोबत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बहुधा निघून जातो. शिवाय वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं, ते वेगळंच. एवढं करून लहान इंजिनात ताकद वाढते ती थोडीच. आवाजामुळे ती मोठी भासते, एवढंच!

भाचा गप्प बसला. मी विचारलं, "जुना सायलेन्सर कुठाय?"

"दुकानातच राहिलाय."

"मग चहा नंतर. तो भंगारात जाण्याआधी घेऊन ये."

या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. उघडलं तर भाचा उभा. गाडी कधी आली, कळलंसुद्धा नाही. वर बाळ झोपलेलं होतं.