टाळ, कार्डे आणि अनिश्चितता

न्यूयॉर्कच्या रुबिन संग्रहालयात २०१८ साली कँडी चँग आणि जेम्स रीव्ह्ज यांनी एक भिंत उभारली. प्रेक्षकांनी कार्डावर आपली चिंता किंवा आशा लिहायची आणि तिथे टांगायची. सहभागात्म कलेच्या चर्चेत असली उदाहरणे आदराने येतात. बदलापूर-अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकलमधले भजन मात्र येत नाही. आलेच तर 'लोकसंस्कृती' नावाच्या अडगळीच्या खोलीत.

का? तिथे कुणी संयोजक-समीक्षक नाही म्हणून? कार्ड टांगणारा एकटाच घरी जातो. इथे आवाजात आवाज मिळवावा लागतो, आणि एकाचा चुकलेला ताल शेजारचा सावरतो. (मंडळाने अडवलेल्या जागांवर उभ्या प्रवाशाचा राग असतो, तो रास्तच आहे.)

पण या भजनाचे कौतुक करणारेही मला तितकेच खटकतात. त्यांना त्यात 'अनिश्चिततेला दिलेले उत्तर' दिसते. कसली अनिश्चितता? २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली, तिला एक वेळ तसे म्हणता येईल. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारांतून माणसे पडून मेली, तिला नाही. ती गर्दी रोज ठरल्या वेळी येते. गाणाऱ्याने ती सोसली म्हणून समीक्षकाने तिला दैव ठरवणे ही भाषेची लबाडी आहे. एम.ए.च्या वर्गात हे भजन जरूर शिकवावे. सोबत लोकलचे वेळापत्रकही वाचायला लावावे.