मसुद्यांत अडकलेला सह्याद्री

जागतिक पर्यावरण दिनी रोप लावणारे नेते आपण दरवर्षी पाहतो. त्यांची खरी परीक्षा सह्याद्रीत होते. माधव गाडगीळ समितीने २०११मध्ये पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा अहवाल दिला. तो कठोर वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली गेली. तिने २०१३मध्ये सुचवलेले सौम्य उपायही राज्यांना जड झाले. पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून गावे वगळण्याची मागणी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी केली. केंद्रात सत्तांतर झाले, तरी २०१४ ते २०२४ या काळात निघाले ते या क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे. अंतिम अधिसूचना नाहीच. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्याच दशकात आपण माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी या वस्त्या दरडींखाली गमावल्या.

गावकऱ्यांच्या मनातली घरांची, शेतीची भीती खरी आहे. ती दूर करणे हे नेत्यांचेच काम होते. त्यांनी त्या भीतीची ढाल केली. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारू या : आमच्या तालुक्यातल्या खाणी, डोंगरफोड आणि धोक्यातल्या वस्त्यांबाबत तुम्ही काय करणार, आणि कधीपर्यंत? तारखेशिवाय दिलेले वचन आपण स्वीकारू नये.