टपाल किती वेळा पाहावे?

गार होत जाणाऱ्या पाण्याचे तापमान मोजताना तुम्ही साधारणपणे दर मिनिटाला तापमापक वाचता. दर सेकंदाला का वाचत नाही? कारण एका सेकंदात पारा डोळ्यांना दिसेल इतका हलतच नाही. मग तासातून एकदाच का वाचत नाही? कारण तोवर पाणी गार होऊन गेलेले असते. निरीक्षणांमधील अंतर हे ज्या गोष्टीचे निरीक्षण करायचे तिच्या बदलण्याच्या वेगावरून ठरवावे, हा प्रयोगशाळेतील साधा नियम आहे. ई-मेल पाहताना मात्र आपण तो विसरतो. नवे टपाल किती वेळा पाहायचे हे आपण ठरवतच नाही. प्रोग्राम तयार करणाऱ्याने जे ठरवून ठेवले असेल तेच चालू देतो. हे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात टपाल येते कसे ते पाहू. तुम्हाला पाठवलेले पत्र थेट तुमच्या संगणकावर येत नाही. ते सर्व्हर नावाच्या, रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकावर येऊन पडते. तुमच्या संगणकावरील प्रोग्रामने तेथे जाऊन ‘काही नवे आहे का?’ असे विचारावे लागते. या विचारपुशीचे ठरलेले नियम आहेत. ‘पॉप’ नावाचे नियम १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात पत्रे उचलून आपल्या संगणकावर आणायची असतात. ‘आयमॅप’ हे दुसरे नियम मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली तयार केले. त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि आपण ती तेथे वाचतो.

ही विचारपूस समजून घ्यायची असेल तर ‘मट’ हा प्रोग्राम वापरून पाहावा. मायकेल एल्किन्स यांनी तो १९९५ साली लिहिला आणि तो आजही वापरात आहे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर फक्त अक्षरे आणि हाताशी कळफलक. १९९५ सालीच आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यांवर अशाच अक्षरी पडद्यावर टपाल वाचावे लागे. मटचा मोठा गुण असा, की त्याच्या साऱ्या सूचना एका साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक अशा लिहिलेल्या असतात. त्यामुळे काहीच झाकलेले राहत नाही. (फाइलीत ही नावे रोमन अक्षरांत लिहायची असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

नव्या टपालासाठी मटमध्ये दोन घड्याळे आहेत. पहिले ‘मेल चेक’. दोन तपासण्यांमध्ये किमान किती सेकंद जावेत, हे ते सांगते. आपण काही न लिहिल्यास ते ५ सेकंद असते. दुसरे ‘टाइमआउट’. मट एरवी तुम्ही कळ दाबण्याची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो. ही वाट किती सेकंदांनी सोडून इतर कामे उरकायची, हे त्यावरून ठरते. न लिहिल्यास ते ६०० सेकंद असते. आता गंमत पाहा. तुम्ही कळा दाबत असाल तर तपासणी दर ५ सेकंदांनी होऊ शकते. पण हात बांधून बसलात तर तीच तपासणी १० मिनिटे लांबू शकते! पहिलेच घड्याळ बदलून ‘टपाल उशिरा का दिसते?’ म्हणून बुचकळ्यात पडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मटच्या माहितीपुस्तिकेत आयमॅपसाठी ‘मेल चेक’ ९० आणि ‘टाइमआउट’ १५ ठेवण्याचा सल्ला आहे.

आता थोडे गणित करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. दर ५ सेकंदांनी विचारल्यास दिवसभरात १७,२८० वेळा विचारणा होते. ९० सेकंद ठेवल्यास ९६० वेळा आणि १० मिनिटे ठेवल्यास १४४ वेळा. पत्र दोन तपासण्यांच्या मध्ये केव्हाही येऊ शकते, म्हणून सरासरी उशीर अंतराच्या निम्मा धरावा: अनुक्रमे अडीच सेकंद, ४५ सेकंद आणि ५ मिनिटे. दिवसाला सहा पत्रे येणाऱ्या विद्यार्थ्याने १७,२८० वेळा दार ठोठावणे म्हणजे स्थिर पाऱ्याकडे टक लावून बसणे होय. आपलाच संगणक सर्व्हरच्या उत्तरासाठी खोळंबतो, आणि सर्व्हरवरही अशा हजारोंचा भार पडतो.

‘मग सर्व्हरनेच हाक मारावी,’ असे तुम्ही म्हणाल. तशीही सोय आहे. ‘आयडल’ नावाची ही पुरवणी १९९७ साली आयमॅपच्या नियमांना जोडली गेली. आपला प्रोग्राम जोडणी उघडी ठेवून नुसता ऐकत राहतो आणि पत्र येताच सर्व्हर कळवतो. मात्र ३० मिनिटे काहीच हालचाल नसेल तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो, म्हणून निदान २९ मिनिटांनी तरी नव्याने ऐकायला बसावे, असे नियमांतच सुचवले आहे. मटमध्ये ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. ज्याला खरोखर तातडीचे निरोप येतात त्याने वारंवार विचारण्यापेक्षा हाच मार्ग धरावा, कारण तो काटकसरीचा आहे.

पण तुमच्यापैकी किती जणांना अशी तातडी असते? संगणकाने टपाल केव्हा पाहावे आणि आपण केव्हा पाहावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आपोआप दुसऱ्याला चिकटू देऊ नका. गणित सोडवता सोडवता दर पत्रासाठी मान वर करावी लागली, तर वेळेपेक्षाही विचाराची साखळी तुटते हे नुकसान मोठे. पॉप वापरणाऱ्यांसाठी मटमध्ये ‘कॅपिटल जी’ ही कळ आहे. ती दाबाल तेव्हाच टपाल येते. मला ही पद्धत फार आवडते. (आणलेली पत्रे सर्व्हरवरून पुसायची का, असे मट विचारतो. दुसरी प्रत नसेल तर ‘नाही’ म्हणा.)

एक छोटा प्रयोग करा. आठवडाभर रोज किती पत्रे आली आणि त्यांतील किती पत्रांना दहा मिनिटांच्या आत उत्तर देणे खरोखर आवश्यक होते, हे वहीत मांडा. ते आकडे पाहून आपले अंतर ठरवा. मट नसला तरी अडत नाही. अनेक फोनमध्येही टपाल केव्हा आणावे याची सूचना बदलता येते. आकडा ५ निघो वा ५,०००, तो तुम्ही मोजून ठरवलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.