सब्र करा, पण कुकर भंगारात देऊ नका

कुकर फुटून अम्मीचा हात भाजला की घरात एकच वाक्य निघतं: अल्लाहची मर्जी. सब्र जरूर करा, पण हक्क सोडू नका. उत्पादनात किंवा रचनेत दोष असेल, तर इजेची भरपाई निर्मात्याने द्यायची, असं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 सांगतो. कंपनी म्हणेल, तुम्हीच नीट वापरला नाही. म्हणून फुटलेला कुकर, बिल, दवाखान्याचे कागद जपा. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. ओलं धान्य ढिगाखाली लपवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) भर बाजारात जाब विचारला होता. मग आपण गप्प का? हे सब्र नव्हे, आळस आहे. त्याची किंमत पुढच्या घरातली अम्मी मोजते.