'ऑन'चा भार कुणावर?

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकींची 'ऑन'शी ओळख झाली ती एकाच वाक्यातून. 'द बुक इज ऑन द टेबल.' पुस्तक टेबलावर आहे. ऑन म्हणजे वर, शब्दयोगी अव्यय, परीक्षेला एक मार्क, संपला विषय. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आपण सगळ्या पाचवीपासूनच्या, त्यामुळे हा 'ऑन' भेटला तोही उशिराच, आणि भेटला तो टेबलाला चिकटलेला.

मग मुली बारावीनंतर पुण्या-मुंबईला जातात, सुट्टीत घरी येतात आणि फोनवर मैत्रिणींशी बोलताना हाच 'ऑन' दर दोन वाक्यांआड पेरतात. टेबलाचा पत्ता नसतो, पुस्तकाचाही नसतो. आई पोळ्या लाटता लाटता ऐकत असते. एकेक शब्द ओळखीचा, पण वाक्याचा अर्थ काही लागत नाही. विचारावं तर उत्तर ठरलेलं, "जाऊ दे गं आई, तुला नाही कळायचं."

मला या 'नाही कळायचं'चा फार राग येतो. कारण हे कळण्यासारखं आहे, आणि न कळण्याची किंमत कधी कधी मोठी असते.

माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या मुलीने हॉस्टेलवरून फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, एक सिनिअर आहे, ही इज हिटिंग ऑन मी." बाईंच्या पोटात गोळा आला. मारतो? कुठे लागलं? रॅगिंग करतात की काय? मुलगी आधी हसली, मग वैतागली आणि "काही नाही, सोड" म्हणून तिने फोन ठेवला. बाईंनी मला अर्थ विचारला तोवर आठवडा उलटला होता. त्यांनी पुन्हा विषय काढला तर मुलगी म्हणाली, "आता राहू दे." आईला मराठीत सांगायला जीभ रेटेना म्हणून पोरीने इंग्रजीचा आडोसा घेतला होता. त्या आडोशापाशीच बोलणं थांबलं.

तर मैत्रिणींनो, 'हिटिंग मी' म्हणजे मला मारतोय. मध्ये 'ऑन' आला की मार जातो आणि अर्थ होतो, माझ्यावर लाईन मारतोय. बघा, आपल्या मराठीतही 'मारणं' आहेच की! लाईन मारतात, डोळा मारतात, कुणाला लागत नाही. आता यात पुष्कळ पायऱ्या आहेत. कॅन्टीनमध्ये चार गोड शब्द बोलणाऱ्यालाही मुली हेच म्हणतात आणि नको म्हटल्यावरही पिच्छा न सोडणाऱ्यालाही हेच. त्यापुढचं आहे 'ही केम ऑन टू मी'. म्हणजे त्याने अंगलट केली, सरळ सरळ सलगीचा प्रयत्न केला. आणि नुसतं 'कम ऑन!' म्हटलं तर त्यात काहीच नाही. 'चल गं, आटप' किंवा 'काहीतरीच काय!' शेपटाला एक 'टू' लागला आणि केवढा फरक पडला!

पाठ करायला जाल तर दमाल. त्यापेक्षा मी एक बघते. 'ऑन'च्या नंतर कोण आलं? बोलीभाषेतला हा 'ऑन' पुष्कळ वेळा कुणावर तरी भार टाकतो. 'ही वॉक्ड आऊट ऑन हर', तो तिला टाकून गेला. 'ही चीटेड ऑन हर', तिला फसवून दुसरीकडे संधान बांधलं. 'शी हंग अप ऑन मी', माझं बोलणं चालू असताना तिने फोन आपटला. गंमत म्हणजे फोनची बॅटरी संपली तरी 'इट डाइड ऑन मी', नेमका माझ्याच वेळी मेला! घडलं कुणाच्याही हातून, झळ पोचली ती 'ऑन'च्या पुढे बसलेल्या माणसाला. आपला 'वर' तरी वेगळं काय करतो? माझ्यावर उलटला, अंगावर आला, डोक्यावर बसला, जिवावर उठला. यातलं काही टेबलावर ठेवलेलं नाही. म्हणजे ही युक्ती आपल्याला आईच्या दुधाबरोबर आलेली आहे, फक्त इंग्रजीत ती ओळखायला कुणी शिकवलं नाही.

भार दर वेळी वाईटच असतो असं नाही हं. 'द टी इज ऑन मी' म्हणजे चहाचे पैसे मी देते. पण 'दॅट्स ऑन यू' म्हणाली तर पर्स उघडू नका, ती म्हणतेय की दोष तुझा. 'यू आर ऑन' म्हणजे लागली पैज. 'व्हॉट इज ही ऑन?' असं कुणाबद्दल विचारलं तर, हा काय घेऊन आलाय, शुद्धीवर आहे ना? हे बहुधा थट्टेत, पण कधी खरोखरच नशेबद्दल. तेव्हा जरा कान द्यावा.

आणि एक खास आपल्यातलं. ब्रिटनमध्ये बायका पाळी आली की नुसतं 'आय अॅम ऑन' म्हणतात. कशावर, ते सांगायचं नाही! आपल्याकडे 'बाहेरची', 'अडचण', 'कावळा शिवला', तसंच ते. याचंच ओंगळ भावंड म्हणजे 'ऑन द रॅग'. रॅग म्हणजे चिंधी. बाई जरा चिडून बोलली की तिच्यामागे हे म्हणून हसणारे पुरुष तिकडेही आहेत. मुलाच्या तोंडी हे ऐकलंत तर अर्थ माहीत असल्याचं त्याला जरूर कळू द्या. चेहरा बघण्यासारखा होईल.

पण मला पुन्हा त्या हॉस्टेलच्या मुलीकडे यायचंय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला आणि २०१५च्या यूजीसीच्या नियमांनी कॉलेजांनाही अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली. तक्रार लेखी द्यायची असते आणि साधारण तीन महिन्यांच्या आत. त्या कागदावर नुसतं 'ही वॉज हिटिंग ऑन मी' लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, कुठे, काय बोलला, काय केलं, नको म्हटल्यावर थांबला का, हे लिहावं लागतं. मोबाइलवरचे मेसेज असतील तर पुसून न टाकता जपून ठेवावे लागतात. म्हणजे 'ऑन'च्या आडोशातून बाहेर येऊन साध्या भाषेत सांगणं आलंच. ते पहिल्यांदा समितीपुढे बोलण्यापेक्षा आईजवळ बोललेलं पोरीला सोपं जातं.

त्यासाठी आईला इंग्रजी यावं लागत नाही. मुलगी 'ऑन मी' म्हणाली की घाबरून "लागलं का?" असं न विचारता "म्हणजे नेमकं काय करतो गं तो?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. ती दोन मिनिटं काही बोलणार नाही. फोन ठेवू नका.