अकारण वाजणारा गजर

जुन्या मोटारीचा चोरीसूचक गजर मध्यरात्री अकारण वाजू लागला, की पहिल्या रात्री सारी सोसायटी खिडकीत येते. चौथ्या रात्री कोणी कूसही बदलत नाही. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या मुलासारखी त्या गजराची अवस्था होते. खरा धोका तेथूनच सुरू होतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. सायरन ती सहज ओलांडतो. शेजारी रागावतात आणि वैतागलेला मालक सायरनची वायर तोडून मोकळा होतो. परंतु तेरीज जुळली नाही म्हणून कोणी खातेवही फाडत नाही. चुकलेली नोंद शोधली जाते. येथेही तेच करावे.

शोधाचा क्रम स्वस्त कारणाकडून महाग कारणाकडे असावा. प्रथम बॅटरी पाहावी. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर पूर्ण भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी रिकामी समजावी. दाब घसरला की जुनी यंत्रणा गोंधळते आणि काही सायरन तर पुरवठा तुटल्याचे समजून स्वतःच्या छोट्या बॅटरीवर ओरडू लागतात.

त्यानंतर बॉनेटखालचा खटका तपासावा. धूळ, पावसाचे पाणी आणि गंज यांमुळे तो नीट दबत नाही. यंत्रणेला बॉनेट उघडल्याचा भास होतो. दारांच्या खटक्यांचेही तसेच. दार लावल्यावरही आतला दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा त्याच दाराचा. धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, हेही पाहावे.

हे सर्व ठीक असेल, तर धक्का ओळखणारा सेन्सर उरतो. जवळून ट्रक गेला किंवा ढग गडगडले की गजर वाजत असेल, तर त्याची संवेदनक्षमता कमी करावी. अनेक यंत्रणांत त्यासाठी लहानसा स्क्रू असतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत तारीख, वेळ व हवामानासह नोंदवावा. चार दुरुस्त्या एकदम केल्या तर गजर थांबतो, पण कारण कळत नाही. आणि न लागलेल्या दोषाचेही बिल भरावे लागते.

वायर मात्र तोडू नये. बाहेरून बसवलेल्या पुष्कळ यंत्रणांत स्टार्टरची किंवा इग्निशनची वायर गजराच्या रिलेमधून नेलेली असते. चुकीची वायर तुटली, तर गाडी सुरूच होत नाही. यंत्रणा काढायचीच झाली, तर जाणकार ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून मूळ जोडणी पूर्ववत करून घ्यावी.

विम्याचाही विचार हवा. पुण्याच्या एआरएआय संस्थेने प्रमाणित केलेले चोरीविरोधी साधन बसवल्यास हप्त्यात सवलत मिळू शकते. ती घेऊन साधन बंद ठेवले, तर चोरीच्या दाव्याच्या वेळी त्याविषयी प्रश्न विचारला जाऊ शकतो. म्हणून दुरुस्तीचे बिल पॉलिसीच्या कागदांसोबत जपून ठेवावे. काही रुपयांच्या खटक्यासाठी लाखोंच्या गाडीचे संरक्षण सोडणे, हा कोणत्याही हिशोबाने तोट्याचाच व्यवहार आहे.